हातात, की बुडाखाली?

बुरुल-एजे, आधी एवढंच सांगा:
ब्रेक दाबल्यावर कापरं कुठे भरतं,
हातात, की बुडाखाली?
लाजू नका. इथे काराकोलमध्ये हा प्रश्न
मी शाळेच्या हेडमास्तरांनाही विचारलाय.
हातात असेल तर पुढची चाकं,
बुडाखाली असेल तर मागची.
दोन्हीकडे असेल तर चहा टाकतो, वेळ लागेल.

तुम्ही म्हणालात, हातात.
खाली पुलाआधीचं वळण आलं
की स्टिअरिंग असं हलतं
जसं कुणी आपलं मनगट सोडवून घेतंय.
बरं. आणि चढावर?
चढावर वेगळंच. रेस दिली की
अख्खी गाडी डावी-उजवीकडे झुलते
लंगड्या मेंढीसारखी,
पाय उचलला की गप्प.

म्हणजे दुखणी दोन.
लोक दोघांना एकाच नावानं हाक मारतात
आणि मी निम्मं बरं केलं
की आठवड्यानं दारात उभे:
अजून थरथरतेय.

तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो.
साठला ब्रेक. ऐंशीला ब्रेक.
मागच्या सीटवर लसींची पेटी खुळखुळते,
तिला आधी मांडीवर घेतो.
मग डोळे मिटतो;
डोळे उघडे असले की कान आळशी होतात.

गॅरेजात जॅकवर चढवण्याआधी नट सैल करू गेलो,
तर सुटेनात.
पाना ओरडला, मी ओरडलो,
शेवटी दांड्याला हातभर पाइप जोडून
त्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे पहिला सुटला,
हाड मोडावं तसा.
दुसरा त्याहून घट्ट.
तिसरा मात्र नुसता हातानं फिरला.
कुणी बसवली ही चाकं?

तुम्ही दाराबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणालात,
एर्मेकनं. ऑक्टोबरात.
रात्रीची बस बिश्केकची, पुढे मॉस्को.
अंधारात मोबाइल दातांत धरून
हिवाळी टायर चढवत होता,
आई या रस्त्यांवर एकटी हिंडणार म्हणून
अंगाचा सगळा भार देत होता पान्यावर.
तिसऱ्या नटापाशी
ड्रायव्हरनं हॉर्न दिला असणार.

चकतीला डायल लावला, हळू फिरवली.
काटा शून्यावरून चौदावर गेला, परत आला.
मिलिमीटरचे चौदा शतांश.
तुमच्या केसपेपरचा कागदही याहून फार पातळ नसेल.
एकीकडे आवळलेली, एकीकडे सुटलेली,
त्यात रोजचा उतार तिला तापवत राहिला.

मूर्खपणा, असं म्हणणार होतो.
गंज, म्हणालो.
गंज होताही थोडा, अगदीच खोटं नव्हतं.
तुम्ही मान हलवलीत
जशी नर्स हलवते, पेशंट म्हणतो
मी सिगारेट सोडली तेव्हा.

हब घासला. चकत्या नव्या.
नट एकाआड एक समोरासमोर,
टॉर्कचा पाना एकशे आठवर.
टक् झालं की थांबायचं.
एवढंच? तुम्ही विचारलंत.
एवढंच. त्यापुढे एक सूतही नाही.

चढावरचं दुखणं वेगळं, आतल्या जॉइंटचं.
रबर फाटलंय, ग्रीस केव्हाच वाहून गेलं.
माल बिश्केकहून गुरुवारी.
तोवर चढावर दामटू नका.

पैसे मोजून झाल्यावर म्हणालात,
तो आवाज पुन्हा काढा.
मोबाइल चाकाजवळ धरलात.
शेवटचा नट थोडा सैल केला, पुन्हा आवळला.
टक्.
काय लिहिणार त्याला?
गंज होता म्हणून, तुम्ही म्हणालात,
आणि बोटानं पाठवून दिलंत.

चौकात दिवा लाल झाला.
इथूनच बघत होतो. ब्रेक. काही नाही.
मग हिरवा, मग चढ,
आणि तीच लंगडी मेंढी
गुरुवारपर्यंत.